गावच्या विहिरींचा नकाशा : सोलापूर जिल्ह्यात भूजल मोजायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात मार्च उलटला की शेतकरी एकमेकांना विचारतात, "विहिरीला पाणी किती हाय?" आणि उत्तर येतं, "तासभर चालतीय मोटर." ज्याची विहीर आहे त्याला एवढ्यात सगळं कळतं. गावाला मात्र त्यातून काही कळत नाही. एकाची मोटर तीन एचपीची, दुसऱ्याची साडेसातची. एकाची विहीर वीस फूट रुंद, दुसऱ्याची चाळीस. हे तास एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. त्यासाठी सगळ्या विहिरींची पातळी एकाच मापात, एकाच आठवड्यात घ्यावी लागते आणि नकाशावर मांडावी लागते. मग दिसतं की पाणी शिवारात कुठून कुठे सरकतंय, कुठल्या अंगाला लवकर उतरतंय आणि पाऊस झाल्यावर आधी कुठे भरतंय.

हे काम ग्रामपंचायतीचे सदस्य, भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी, शेतकरी गटातली पोरं, कुणीही करू शकतं. लागणारं सामान अगदी थोडं आहे. चिकाटी मात्र लागते, कारण एका मोजणीच्या नकाशाला फारसा अर्थ नसतो. खरी किंमत तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून कळायला लागते.

आधी खडक समजून घ्या

आपला जिल्हा जवळजवळ सगळा बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर वसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि कडक भाकरीच्या चवडीसारखे रचले गेले. प्रत्येक थराचा वरचा भाग पोकळ्यांचा, बुडबुड्यांच्या खुणा असलेला. त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट, काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल, मातकट पट्टा लागतो, तो गेरू.

पाणी धरतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाला भेगा असतील तिथे. घट्ट पाषाणात आणि गेरूत ते जवळजवळ थांबतंच. त्यामुळे एकाच शिवारात पाण्याच्या दोन-तीन वेगळ्या पातळ्या असू शकतात: पन्नास फुटांच्या विहिरीचं पाणी एका थरातलं आणि शेजारच्या चारशे फुटी बोअरचं पाणी भलत्याच थरातलं. नवखे लोक विहिरी आणि बोअर एकाच नकाशावर घालतात आणि मग रेषा वेड्यावाकड्या जातात. असा नकाशा काढण्यापेक्षा न काढलेला बरा, कारण त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी नवी बोअर मारतो. म्हणून पहिला नियम असा धरा: एका नकाशावर एकाच थरातल्या विहिरी. सुरुवात उघड्या विहिरींपासून करा, बोअरचा कागद वेगळा ठेवा.

सरकारी माहिती मिळवा

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गेली पन्नासहून अधिक वर्षं राज्यभर निरीक्षण विहिरी मोजते आहे. वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात. सोलापुरात यंत्रणेचं जिल्हा कार्यालय आहे. तिथे तीन गोष्टी विचारा: आपलं गाव कुठल्या पाणलोटात येतं (भीमा खोऱ्यातल्या पाणलोटांचे क्रमांक 'बीएम'ने सुरू होतात), जवळची निरीक्षण विहीर कुठली, आणि तिच्या जुन्या नोंदी. अटल भूजल योजनेत सोलापूर जिल्हा होता. तुमचं गाव त्यात असेल तर गावात पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजण्यासाठीच घेतलेली बोअर), पर्जन्यमापक आणि पाण्याचा ताळेबंद आधीच असण्याची शक्यता आहे. ग्रामसेवकांना विचारून ते कागद बघून घ्या.

गावनकाशा महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून मिळतो. त्यावर गट नंबर असतात, आणि गावात सगळे गट नंबरानेच बोलतात, तेव्हा मूळ कागद म्हणून तोच घ्या. पावसाचे आकडे महसूल मंडळाचे मिळतात, पण आपल्याकडे पाऊस इतका तुकड्या-तुकड्यांनी पडतो की मंडळात चाळीस मिलिमीटर आणि आपल्या वस्तीवर थेंब नाही असं सहज होतं. शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद घेतली तर तो आकडा तुमच्या नकाशाला जास्त उपयोगी पडेल.

विहिरी निवडणं

हजार-दीड हजार हेक्टरच्या गावाला वीस-पंचवीस विहिरी पुरतात. त्या सगळ्या ओढ्याकाठच्या नकोत. माळावरच्या काही, उताराच्या मधल्या काही, ओढ्यालगतच्या काही अशा पसरलेल्या हव्यात. वापरात नसलेली, पण पाणी असलेली जुनी विहीर मिळाली तर ती सोन्यासारखी जपा. तिच्यातून उपसा नसतो, त्यामुळे तिची पातळी सगळ्यात खरी बोलते.

आता सोलापूरची खास अडचण. आपल्याकडे शेकडो विहिरी म्हणजे खरं तर साठवण टाक्या आहेत. भीमेवरून, सीनेवरून किंवा उजनीच्या कालव्यावरून पाइपलाइन आणायची, पाणी विहिरीत सोडायचं आणि तिथून ठिबकला द्यायचं. अशा विहिरीची पातळी भूजलाविषयी काहीच सांगत नाही. उलट एखादी अशी विहीर यादीत शिरली तर नकाशावर भर मे महिन्यात माळावर पाण्याचा डोंगर उभा राहतो. पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारा. काठावर खालून मोटरचा एक पाइप वर आलेला आणि दुसरा पाइप वरून आत सोडलेला दिसला तर समजून जा.

कालव्याखालच्या विहिरी मात्र गाळू नका, त्यांच्यापुढे वेगळी खूण करा. माळशिरस, पंढरपूर, मोहोळकडे पाळी सुटली, म्हणजे कालव्याला पाणी सोडलं, की आठ-दहा दिवसांत विहिरींना पाझर येतो. तो खराच भूजलात मिसळतो, फक्त तो पावसाचा नसतो. पाळी सुटल्याची आणि बंद झाल्याची तारीख वहीत लिहून ठेवली की नंतर गोंधळ होत नाही. हीच गोष्ट तलावाखालच्या विहिरींची, मग तो हिप्परग्याचा मोठा तलाव असो की गावचा छोटा पाझर तलाव. सांगोल्याकडे डाळिंबासाठी प्लास्टिक अंथरलेली शेततळी आहेत. त्यांतून पाझर नसतो, पण ती भरायला शेजारच्या विहिरीतून जोरदार उपसा झालेला असतो, तोही नोंदवा.

विहिरीचा दाखला

प्रत्येक विहिरीला एक क्रमांक द्या आणि एक पान राखून ठेवा. गट नंबर, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, विहिरीची रुंदी, खोली, कठड्याची उंची, मोटर किती एचपीची, खाली कुठलं पीक, आणि आत बोअर आहे का. शेवटचा प्रश्न जरा सावकाश विचारायचा असतो:

"मालक, विहिरीत बोअर घेतल्यात का?"

"आडव्या दोन हायत, उगवतीला. उभी एक मारली दोनशे फूट, पर तिला काय लागलं न्हाई."

एवढ्या दोन वाक्यांत मोलाची माहिती आहे. उगवतीकडून पाणी येतंय, म्हणजे वरच्या थराचा पाझर तिकडून आहे. तळातली उभी बोअर कोरडी असली तरी नोंदवायची, कारण अशा बोअरमधून कधी कधी वरच्या थरातलं पाणी खाली उतरून जातं आणि विहीर विनाकारण लवकर आटते. खोली कुणी परसात सांगेल, कुणी फुटात. परस म्हणजे पुरुषभर उंची, पाच ते सहा फूट. ती प्रत्येकाची वेगळी असते. जे सांगतील ते तसंच लिहा आणि खोली स्वतः टेपने मोजून मीटरमध्ये शेजारी मांडा.

बोअरची खोली सांगायला लोक बिचकतात. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 मध्ये 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत आणि हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. आपण कारवाई करायला आलेलो नाही हे आधी सांगा आणि तो शब्द पाळा. गावात लावायच्या नकाशावर फक्त क्रमांक ठेवा, मालकाचं नाव नको. ही एक गोष्ट सांभाळली नाही तर पुढच्या मोजणीला निम्म्या विहिरींवर कुलूप भेटेल.

भिंत वाचा

हे काम मेमध्ये करा, विहीर रिकामी असताना. काठावर सुरक्षित जागी उभं राहा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात समोरची भिंत वरून खाली बघा. वर हात-दोन हात काळी माती, खाली पिवळसर-तपकिरी मुरूम, नखाने खरवडेल असा. मग खडक सुरू होतो: फुटका, गोल-गोल सुटणारा. त्याखाली मांजऱ्या असेल तर पांढऱ्या-हिरवट दाण्यांनी भरलेली छिद्रं दिसतात. ऊन पडलं की ते दाणे चमकतात. कधी त्याखाली विटकरी रंगाचा हातभर गेरू, आणि मग गुळगुळीत काळा पाषाण. आता ओल कुठे आहे ते शोधा. भिंतीवर एका उंचीला काळपट ओला पट्टा असतो, त्यावर शेवाळ आणि कपारीत उगवलेली पिंपळाची रोपं. झरा तिथे आहे. तो पट्टा बहुतेक वेळा मांजऱ्याच्या तळाशी, पाषाणाच्या डोक्यावर सापडतो.

प्रत्येक थराची सुरुवात काठापासून किती मीटरवर आहे ते लिहा आणि फोटो घ्या. पाच-सहा विहिरींच्या भिंती अशा वाचल्या की कुठल्या विहिरी एकाच थरातून पाणी घेतात हे आपोआप उमगतं. कुठलंही सॉफ्टवेअर हे सांगणार नाही. नकाशाचं अर्धं काम इथेच होतं असं मी मानतो, म्हणून नवख्यांनी हा भाग उरकू नये.

आणि हे काम करताना विहिरीत उतरायचं नाही. पायऱ्या असल्या तरी नाही. जुन्या बंद विहिरीत हवा कोंदट असते, दोर कुजलेले असतात, कडेची दरड कधीही सुटते. काठावर एकट्याने जाऊ नका. बिनकठड्याच्या विहिरीपाशी तर पोटावर झोपून टेप सोडा आणि दुसऱ्याने पाय धरावेत.

मोजणी

सामान: तीस किंवा पन्नास मीटरची टेप, टोकाला गवंड्याचा ओळंबा, खडू, ऑइल पेंट, ब्रश, वही. बोअरसाठी पाण्याला टेकताच आवाज करणारा पातळीमापक मिळतो, तो यंत्रणेकडून किंवा महाविद्यालयाकडून मागून आणता येतो.

कठड्यावर एक जागा ठरवा आणि तिथे लाल पेंटने बाण काढा. दरवेळी टेप त्याच बाणापासून सोडायची, मोजणारा कुणीही असो. कठडा एका बाजूला हातभर उंच असतो, दुसऱ्या बाजूला ढासळलेला. जागा बदलली की अर्धा मीटर इकडेतिकडे होतो आणि तेवढ्याने नकाशावरची रेषा एका गटातून दुसऱ्या गटात सरकते. टेपच्या शेवटच्या मीटरला खडू फासा, टेप पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडा आणि काठावरचा आकडा पूर्ण मीटरवर आणा. समजा काठावर 10 मीटर आलं आणि टेप वर ओढल्यावर 65 सेंटिमीटर भिजलेली दिसली. म्हणजे काठापासून पाणी 9.35 मीटरवर. कठडा जमिनीपासून 0.80 मीटर उंच असेल तर जमिनीपासून पाण्याची खोली 8.55 मीटर. वहीत हे सगळे आकडे लिहा. नुसतं उत्तर लिहिलं तर पुढे चूक शोधता येत नाही. दोनदा मोजा, दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

मोटर चालू असताना घेतलेली पातळी कामाची नाही. उपसा बंद होऊन पाणी पुन्हा वर येऊन स्थिरावलं पाहिजे. चांगल्या झऱ्याच्या विहिरीला काही तास लागतात, मंद झऱ्याच्या विहिरीला दीड-दोन दिवस. शेतीची लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री हे आधी विचारा आणि रात्रभर मोटर बंद राहिल्यावर पहाटे जा. तासाच्या अंतराने दोन वेळा मोजून आकडा तोच आला तर पाणी स्थिर. येत नसेल तर शेतकऱ्याला विनंती करा. एक दिवस मोटर बंद ठेवायला बहुतेक लोक तयार होतात, फक्त पिकाची पाळी चालू असताना मागू नका. तरीही जमलं नाही तर आकडा लिहा आणि पुढे "उपसा चालू" असा शेरा मारा. नकाशा काढताना तो बिंदू वगळायचा.

चार मोजण्यांचं वेळापत्रक यंत्रणेच्या महिन्यांशी जुळवून घ्या, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडता येतात. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या पावसाचा. हस्त-चित्रा संपेपर्यंत विहिरी भरत असतात, म्हणून ऑक्टोबरची मोजणी महिन्याच्या शेवटी ठेवा. जानेवारीची संक्रांतीच्या, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास. मार्चची ज्वारी काढून झाल्यावर. मेची रोहिणी लागायच्या आत, कारण वळवाचा एक मोठा पाऊस झाला की वर्षाची नीचांकी पातळी हातची जाते. प्रत्येक मोजणी चार-पाच दिवसांत संपवा.

उंची

इथपर्यंत जमिनीपासून पाणी किती खोल हे कळलं. पाणी कुठे वाहतंय हे त्यावरून कळत नाही. माळावर पाणी बारा मीटर खोल आणि ओढ्याकाठी चार मीटर, म्हणून ते ओढ्याकडून माळाकडे येईल का? नाही. त्यासाठी पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची हवी: जमिनीची उंची वजा पाण्याची खोली.

जमिनीची उंची मोबाइलवरून घेऊ नका. अक्षांश-रेखांशाला मोबाइल ठीक, पाच मीटर इकडेतिकडे झाले तरी चालतं. उंचीत मात्र तो दहा-पंधरा मीटर सहज चुकतो आणि सपाट शिवारात आपल्याला हव्या असलेल्या फरकापेक्षा ही चूकच मोठी होते. उपग्रहाच्या उंचीच्या फायली फुकट मिळतात, त्या बऱ्या, तरी काही मीटरची चूक त्यांतही असते. सगळ्यात चांगलं म्हणजे डंपी लेव्हल, दुर्बिणीतून उंचीतला फरक मोजायचं सर्वेक्षणाचं उपकरण. एखादं इंजिनिअरिंग कॉलेज किंवा पॉलिटेक्निक विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हे काम आनंदाने करतं. एकदाच करायचं आहे. कठड्यावरच्या बाणांची उंची एकदा निघाली की कायमची. फक्त बाणाच्या उंचीतून जमिनीपासूनची नाही, काठापासूनची खोली वजा करायची.

रेषा काढणं

पहिला नकाशा हातानेच काढा. गावनकाशाच्या मोठ्या प्रतीवर विहिरी ठिपक्यांनी मांडा आणि प्रत्येक ठिपक्याशी पाण्याची उंची लिहा. मग शेजारच्या दोन-दोन विहिरी पेन्सिलीने जोडा. एकीची पातळी 462 मीटर, दुसरीची 456, अंतर 600 मीटर. फरक 6 मीटर, म्हणजे दर 100 मीटरला 1 मीटर उतार. 460 ची रेषा पहिलीपासून 200 मीटरवर जाईल, 458 ची 400 मीटरवर. असे बिंदू सगळीकडे पाडून समान आकड्यांचे बिंदू गुळगुळीत रेषेने जोडले की समपातळी रेषा तयार. पाणी या रेषांना काटकोनात, मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे सरकतं. बाण काढा.

रेषा ओढ्यापाशी वरच्या अंगाला टोक करून वळल्या तर भूजल ओढ्याला मिळतंय. खालच्या अंगाला टोक असेल तर ओढाच जमिनीत पाणी सोडतोय, आणि बंधारा घालायचा विचार असेल तर ही जागा आधी बघावी. शेवटच्या विहिरीच्या पुढे रेषा ओढू नका. जिथे मोजलेलं नाही तिथे कागद कोरा राहू द्या.

हाताने एकदा जमलं की मग क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, मराठीतून शिकवणारे व्हिडिओही मिळतात. संगणक बिंदूंच्या मधली जागा स्वतः भरतो आणि देखणा रंगीत नकाशा देतो, पण त्याला गेरू माहीत नसतो आणि टेकडीही. हाताने काढलेल्या नकाशाशी तो जुळत नसेल तर आधी बिंदू तपासा.

नकाशातून काय घ्यायचं

सगळ्यात उपयोगी नकाशा म्हणजे फरकाचा: मेची खोली वजा ऑक्टोबरची खोली. पाणी वर्षात किती मीटर हललं ते दिसतं. यावरून ढोबळ हिशेबही होतो. भेगाळलेल्या, मुरमाड बेसॉल्टच्या एकूण आकारमानात निघू शकणारं पाणी साधारण 2 टक्के धरतात. हजार हेक्टर शिवार, सरासरी चढ 4 मीटर, तर 1000 × 10,000 (एका हेक्टरातले चौरस मीटर) × 4 × 0.02, म्हणजे 8 लाख घनमीटर. तेवढ्याच शिवारावर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे 55 लाख घनमीटर. पाटाने दिलेल्या उसाला हेक्टरी वर्षाला 20 हजार घनमीटर धरले, तर विहिरींतलं ते सगळं पाणी फक्त 40 हेक्टर उसाला पुरेल, आणि मग प्यायला, जनावरांना, ज्वारी-डाळिंबाला काही उरणार नाही. हा हिशेब ग्रामसभेत फळ्यावर करून दाखवा. आकडा अंदाजाचा आहे हे सांगून करा, पण करा. वर्षानुवर्षं ऐकलेल्या आवाहनांपेक्षा लोक आपल्या गावच्या या एका गुणाकारावर जास्त वेळ बोलतात, हे मी पाहिलं आहे.

पाण्याच्या प्रतीकडेही थोडं लक्ष द्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त असतो. मे आणि ऑक्टोबरात प्रत्येक विहिरीचा आकडा घ्या. पिण्यासाठी लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. कालव्याखालच्या काळ्या रानात आकडा वर्षागणिक चढत असेल तर निचऱ्याचा प्रश्न आहे. गावठाणाजवळच्या विहिरींत नायट्रेट तपासून घ्या, लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको. हे मीटरवर कळत नाही, प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो.

नकाशा तयार झाला की ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, चारही मोजण्यांचे शेजारी शेजारी. मूळ वही एकाच घरात राहू देऊ नका: प्रत्येक मोजणीनंतर पानांचे फोटो काढून तीन-चार जणांकडे ठेवा आणि एक झेरॉक्स शाळेत द्या. निवडणूक होते, सरपंच बदलतात, पोरं पुण्याला नोकरीला जातात; मोजणारी माणसं दोन वर्षांत बदलणारच, म्हणून दर मोजणीला एखादा नवा माणूस बरोबर घ्या आणि टेप त्याच्या हातात द्या. पावसाळ्यात कठड्यावरचे बाण पुसट होतात, ते दसऱ्याच्या आत पुन्हा रंगवून घ्या.